जेएम रोडचा फुटपाथ आणि काकांची कमेंट

काका, नमस्कार. (४० वर्षं पुण्यात गाडी चालवतोय असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग नसावा.) जंगली महाराज रस्त्याच्या (म्हणजे आपल्या जेएमच्या) माझ्या पोस्टखाली तुमची भलीमोठी कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की चांगला वाहता रस्ता कापून फुटपाथला दिला, गाड्या तुंबतात, सायकल ट्रॅकवर सायकल औषधालाही नाही, रुंद फुटपाथ पथारीवाल्यांना आणि बाइकवाल्यांना आंदण, आणि असली थेरं युरोपात चालतात, आपल्याकडे नाही. आणि शेवटी खोचकपणे, "तुम्ही स्वतः सायकल चालवता का?" ते शेवटी सांगतो.

आधी तो "वाहता रस्ता". २०१६ मध्ये महापालिकेने रस्त्यांच्या डिझाइनची गाइडलाइन केली आणि मग जेएमचं काम झालं, त्याच्या आधीचा जेएम जरा आठवा ना. फुटपाथला लागून गाड्या, त्यांना खेटून "दोन मिनिटांत आलो" म्हणत इंडिकेटर लावून ठेवलेली एक कार, तिच्यापुढे पॅसेंजरची वाट बघणारी रिक्षा, आणि आपण सगळे हॉर्न देत उजवीकडे दाबत जायचो. कागदावर ती लेन होती हो, पण तिच्यातून वाहत काहीच नव्हतं. फुटपाथला जी जागा गेली त्यातली बरीचशी ही अशी.

आणि तुंबतं ते चौकात, काका. सिग्नल तुम्हाला निम्माच वेळ हिरवा मिळणार असेल तर डेक्कनच्या चौकातून गाड्याही तेवढ्याच सुटणार, मधला पट्टा सहा लेनचा केला तरी रांग फक्त रुंद होते, लवकर हलत नाही. नरसाळ्याचं वरचं तोंड मोठं करून खालून तेल जास्त पडत नाही तसंच.

आता माझ्या घरातलं सांगतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिला फिरायला न्यायचो (जेएमवर नाही, आमच्या घराजवळ). तिथला फुटपाथ चांगला फूटभर उंच, का तर म्हणे गाड्या चढू नयेत. आई एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्याने लाइटचा खांब धरून चढायची आणि उतरताना चक्क पाठमोरी व्हायची, शिडी उतरावी तशी. मग पुढे दर दहा पावलांवर कुणाच्या तरी गेटचा उतार, पुन्हा उतरा, पुन्हा चढा. चौथ्या दिवशी म्हणाली, आपण आपले खालूनच चालू. तर लोक फुटपाथ असून रस्त्यावरून का चालतात याचं उत्तर मला तिथे मिळालं, बेशिस्त वगैरे काही नाही त्यात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात कर्ब (फुटपाथची कड) जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंच आणि चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर असं स्पष्ट लिहिलेलं आहे, २०१२ पासून. टेप घेऊन तुमच्या गल्लीत मोजून बघा, हसू येईल.

जेएमच्या डांबराचं कौतुक मात्र आपण पन्नास वर्षं करतोय. रेकाँडो कंपनीने सत्तरच्या दशकात केलेला रस्ता, खड्डा नाही वगैरे, प्रत्येक पुणेकर पाहुण्याला ऐकवतोच. त्याच रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याचं काय व्हायचं, ते कुणी ऐकवत नाही.

बाइकवाल्यांचं तुमचं खरंय, शंभर टक्के. त्यातली गंमत सांगू का, बाइक चढू नयेत म्हणून फुटपाथवर खांब लावायचे तर व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवावीच लागते आणि जिथून व्हीलचेअर जाते तिथून अ‍ॅक्टिव्हाही आरामात जाते. नुसत्या डिझाइनने हे सुटणार नाही, तिथे पोलीस आणि पावतीच हवी. पथारीवाल्यांबद्दल मात्र आपलं जमणार नाही. २०१४ च्या कायद्याने त्यांना जागा आखून द्यायची आहे, ती नीट दिली नाही की ते मिळेल तिथे बसतात, आणि संध्याकाळी भाजलेलं कणीस तुम्हीपण खाताच की.

युरोपाचं म्हणाल तर हॉलंडमध्येसुद्धा सायकल ट्रॅक काही आभाळातून पडले नाहीत. १९७१ या एका वर्षात तिथे अपघातात तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेवर लहान मुलं, तेव्हा आईबाप रस्त्यात येऊन बसले. आणि सायकल पुण्याला युरोपाने शिकवायची म्हणजे कमालच, सायकलींचं शहर म्हणून आपलीच ओळख होती ना एके काळी? गाड्यांशिवायचा रस्ताही आपल्याला नवा नाही, लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला गाड्या बंद ठेवून पादचारी दिन होतो. आता तुम्ही म्हणाल एक दिवस काय कोणीही करेल. बरोबर आहे, माझंही तेच म्हणणं आहे, एकच दिवस का?

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हो, चालवतो. पण जेएमवर ट्रॅकमधून नाही, खाली गाड्यांमधूनच चालवतो, कारण ट्रॅकवर मध्येच एक बाइक लावलेली असते, मग घोळक्याने सेल्फी काढणारी पोरं, मग ट्रॅक संपतो आणि पुढे कुठे जायचं ते कुणीच सांगत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा उतरून सायकल हातात धरून चालत गेलो होतो, फुटपाथवरून. तेवढा फुटपाथ मात्र मस्त होता.