पहिल्या तासाला टक्के विचारू नका

अकरावीचे वर्ग सुरू झाले की बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत पहिल्या तासाला एकच कार्यक्रम असतो. एकेकाने उभं राहायचं, नाव सांगायचं, शाळा सांगायची, दहावीचे टक्के सांगायचे आणि खाली बसायचं. हेतू चांगलाच असतो, ओळख व्हावी म्हणूनच शिक्षक हे करतात. पण हिशोब करून बघा. 80 मुलांची तुकडी, प्रत्येकी अर्धं मिनिट धरलं तरी 40 मिनिटं. तास संपला. आणि त्यात कुणी कुणाचं ऐकलेलं नसतं, कारण पाळी येईपर्यंत जो तो मनातल्या मनात स्वतःचंच वाक्य घोकत बसतो. लक्षात राहतात ते टक्के. 96 वाला कोण आणि 58 वाली कोण, हे वर्गाला पहिल्याच दिवशी कळतं, आणि मग 58 वालीला शंका विचारायला हात वर करणं किती जड जातं, ते शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

म्हणून टक्के नकोत. वडील काय करतात हेही नको. ज्याचे वडील गेलेत किंवा घरात राहत नाहीत, त्याला ते 79 अनोळखी चेहऱ्यांसमोर सांगायला लावायचं कशासाठी? आणि आडनाव ऐकून ‘म्हणजे कुठले तुम्ही?’ असं तर चुकूनही विचारू नये. त्या प्रश्नात खरं काय विचारलंय, ते पोरांना बरोबर कळतं.

तयारी आदल्या दिवशी सुरू होते. ऑफिसमधून यादी येते ती बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत. त्यात काळे आणि काले सारखेच, पोटे आणि पोते सारखेच, अदिती आणि आदिती सारख्याच. यादी तशीच मोठ्याने वाचत सुटलं की दोनचार नावांचा विचका होतो, वर्ग हसतो आणि ते चुकलेलं नाव त्या पोराला चिकटतं. त्यापेक्षा बाकाबाकावरून मुलांनाच नाव सांगू द्या आणि आपण पेन्सिलने यादीत शेजारी देवनागरीत लिहून घ्या. याला सहा-सात मिनिटं लागतात. एखादं नाव नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा, अंदाजाने लिहू नका.

मग कार्ड. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातून कार्डशीटचे ए-फोर कागद आणायचे आणि एकाचे चार तुकडे करायचे. 80 मुलांना 20 कागद पुरतात, पण 25 आणा, का ते पुढे सांगते. फळ्यावर चारच प्रश्न लिहा. काय हाक मारलेली आवडेल? रोज कुठून, कशाने, किती किलोमीटर आणि किती मिनिटांत येणार? या विषयातलं काय जड जातं? वर्गातल्या दुसऱ्या कुणाला तुम्ही काय शिकवू शकाल? (हा चौथा प्रश्न गाळू नका. ज्याला टक्क्यांत सांगण्यासारखं काही नसतं, तोही इथे ढोलपथकातला ताल नाही तर सायकलचं पंक्चर काढणं लिहितो.) सात मिनिटं द्या. मागची बाजू कोरी ठेवायची आणि आधीच सांगायचं, की ही बाजू फक्त मी वाचणार, लिहायलाच हवं असं नाही.

त्या कोऱ्या बाजूवर महत्त्वाचं येतं. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. फळा दिसत नाही पण चष्मा अजून केलेला नाही. संध्याकाळी दुकानात काम असतं. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहतो, मेसचा डबा बारानंतर येतो, सकाळी उपाशी असतो. हे वाचून पुढच्या दोन-तीन दिवसांत काहीतरी करायलाच हवं, निदान बाक तरी बदलून द्यायला हवा. विचारलं आणि काहीच केलं नाही, तर न विचारलेलं बरं. एकेका कार्डाला मिनिट धरलं तर सव्वा-दीड तासाचं काम आहे. ते त्याच रात्री करावं, राहिलं की राहतं.

आता पहिल्या तासाचा गाभा. विषय शिकवा. थोडाच, पण खराखुरा शिकवा. भौतिकशास्त्राचा तास असेल तर साहित्य कार्डावरच तयार आहे. दोघातिघांना आपणहून आकडे सांगू द्या. समजा वारज्याहून बसने येणारी म्हणाली 9 किलोमीटर, 45 मिनिटं. ताशी 12 किलोमीटर झाले. कात्रजहून सायकलने येणारा म्हणाला 8 किलोमीटर, अर्धा तास. ताशी 16. सायकल बसपेक्षा जोरात? वर्ग लगेच भांडायला लागतो: बसचा काटा तर 40 दाखवतो! मग थांबे, सिग्नल, चौकातली कोंडी, सगळं पोरंच सांगतात, आणि सरासरी चाल वेगळी, त्या क्षणाची चाल वेगळी, हे त्यांच्याच तोंडून निघतं. एवढं पंधरा-वीस मिनिटांत होतं, आणि घरी जाताना पोरं डोक्यात काहीतरी नवं घेऊन जातात. ‘या तासाला बसलं की कळतं’ असं पहिल्याच दिवशी वाटणं, यापेक्षा पक्की ओळख मला तरी माहीत नाही.

इथेच दुसरं एक जपायचं. मराठी माध्यमातून सायन्सला आलेल्या पोरांचा पहिल्या आठवड्यात आवाज बंद होतो. नववीत त्यांनी चाल, वेग, त्वरण शिकलेलं असतं, पण ‘अ‍ॅव्हरेज स्पीड’ ऐकल्यावर आपल्याला हे येतच नाही असं वाटतं. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहा. दोन सेकंदांचं काम आहे.

‘पहिल्या दिवशी कडक राहा, मग सैल सोडा’ हा स्टाफरूममधला जुना सल्ला मला पटत नाही. पोरं कडकपणा मोजत नाहीत, बोललेलं पाळलं जातं का ते बघतात. पंधरा नियम सांगितले की त्यातले बारा आपणच मोडतो. तीन सांगा आणि तिन्ही रोज पाळा. उलट टोकही तितकंच वाईट. ‘मला मित्रच समजा’ म्हणून पहिला तास गप्पांत घालवला, की पंधरा दिवसांनी वही अपुरी म्हणून आपण ओरडलो तर पोरांना आपल्याला फसवल्यासारखं वाटतं.

नावं पाठ करायला दोन आठवडे बसायच्या जागा पक्क्या ठेवा. रोज 12 नावं घेतली तर सात दिवसांत 80 होतात. वह्या मॉनिटरकडे न देता स्वतः, नाव घेऊन वाटा. चुकलं तर ‘चुकलं, परत सांग’ म्हणा.

आता ते जास्तीचे पाच कागद. अकरावीचे प्रवेश फेऱ्याफेऱ्यांनी होतात. कुणी तिसऱ्या आठवड्यात दारात उभं राहतं, तेव्हा वर्गातल्या जोड्या ठरलेल्या असतात आणि रिकामा असतो तो शेवटचा बाक. त्या मुलीचा पहिला दिवस त्याच दिवशी असतो. तिला कोरं कार्ड द्या, नाव तिच्याकडूनच देवनागरीत लिहून घ्या, आणि तिला मागे पाठवण्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या बाकावरच्या एकाला सरकायला सांगून तिथे बसवा.