टवका तांदळाएवढा, डाग तळहाताएवढा

मामेभावाच्या काळ्या मर्सिडीजच्या बॉनेटवर खडा लागून तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. परवा बघतो तर त्या जागी तळहाताएवढा पांढुरका, निस्तेज डाग. विचारलं तर त्याने फोनच पुढे केला. 'महागड्या गाडीचा उडालेला रंग घरच्या घरी 10 मिनिटांत' असा पाच कलमांचा मेसेज. तोच मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात घातक कलम दुसरं: 'टवक्याची जागा 600 नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट घासा, मग टूथपेस्टने चमकवा. महागड्या गाडीचा रंग जाड असतो, काही होत नाही.'

जाड म्हणजे किती? कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग आणि क्लिअर कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस 70 च्या आसपास असतो. गाडीची चमक आणि उन्हापासूनचा बचाव ज्या थरावर, तो केसापेक्षा पातळ! पटत नसेल तर सगळ्या थरांची मिळून जाडी मोजायचं मीटर मिळतं, ते बॉनेटला लावून बघा. मर्सिडीजने 2003 च्या अखेरीस ओरखड्यांना जास्त टिकणारा क्लिअर कोट आणला हे खरं, पण तो कठीण आहे म्हणून घासायला मोकळीक मिळत नाही.

600 चा कागद पेंटर प्रायमरवर फिरवतात, वरून नवा रंग यायचा असतो तेव्हा. टच-अप, म्हणजे टवक्यात भरलेला रंग, पूर्ण वाळल्यावर त्याचा उंचवटा बसवायला 2000-3000 चा, म्हणजे खूपच बारीक कागद लागतो, तोही पाण्याबरोबर आणि उंचवट्यापुरताच. टवका हा खड्डा आहे. घासून खड्डा भरत नाही, भोवतालची जमीन तेवढी खाली जाते. टूथपेस्टही घासणारीच वस्तू. आणि बीएमडब्ल्यूच्या फ्रोझन किंवा मर्सिडीजच्या मॅग्नोसारख्या मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या रंगावर हा प्रयोग केलात तर तिथे चकाकणारा ठिपका पडेल, आणि तो पुसून जात नाही.

तिसरं कलम वाचून तर डोकंच फिरलं: 'काळ्या-पांढऱ्या गाडीला कोड बघायची गरज नाही, नेलपॉलिश चालते.' रंगाच्या कोडांतच बघा: मर्सिडीजचा 040 साधा काळा, 197 ऑब्सिडियन ब्लॅकमध्ये धातूची कणी. बीएमडब्ल्यूचा 668 जेट ब्लॅक, 475 ब्लॅक सफायर आणि 416 कार्बन ब्लॅक, जो उन्हात निळसर दिसतो. पाच काळे, पाच वेगळे. नेलपॉलिश पाणी काही दिवस अडवेल, एवढं मान्य करतो. पण ऊन-पावसात टिकायला ती बनवलेलीच नाही, आणि काढायला लागणारं ॲसिटोन शेजारचा क्लिअर कोट खराब करू शकतं.

पहिलं कलम, 'लगेच झाका, नाहीतर गंजेल', उघड्या पोलादी पत्र्यापुरतं बरोबर. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, पण रंगाखाली पांढरी भुकटी धरून फोड येतात. प्लॅस्टिकच्या बंपरला गंजच नाही, तिथे घाई कसली?

चौथं, 'चेसिस नंबरात रंग लिहिलेला असतो'. नसतो. त्या 17 अक्षर-आकड्यांवरून कंपनी आपल्या नोंदीत रंग शोधून देते, इतकंच. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा डिकीत चिकटवलेला असतो.

पाचवं, 'कोडची बाटली आणली की तंतोतंत जुळतो'. अर्धं खरं. सुरुवात कोडनेच करायची. पण एकाच कोडखाली रंग बनवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या छटा ठेवतात, आणि उन्हात राहिलेली गाडी मूळ रंगावर राहत नाही. शिवाय ओला रंग वेगळा दिसतो. म्हणून आधी कार्डावर लावा, वर क्लिअर द्या, वाळू द्या आणि दिवसाउजेडी दोन-तीन कोनांतून गाडीशेजारी धरा. जुळला तर टवक्यातलं मेण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पत्रा उघडा असेल तर प्रायमर द्या, मग बारीक ब्रशच्या टोकाने फक्त खड्ड्यात पातळ थर. रंग वाळताना बसतो, म्हणून पुन्हा एक, पुन्हा एक. मेटॅलिक रंगात ब्रशने धातूची कणी फवाऱ्यासारखी पसरत नाही, त्यामुळे जवळून ठिपका थोडा दिसेलच.

मामेभावाच्या बॉनेटवर आता ठिपक्याने भागणार नाही. मीटर लावून डागावर आणि शेजारी एकूण जाडी किती भरते ते आधी बघायचं, आणि तोवर त्या डागावर पॉलिशसुद्धा फिरवू नको असं त्याला बजावून आलोय.