फणसाची फळी

आमच्या घरी संध्याकाळी सातला देवाकडे दिवा लागतो, आठला जेवणं होतात आणि साडेआठला गाडीवरचं कापड काढतात. आमच्या गाडीवरचं नव्हे. आमची अल्टो २००९ सालची, तिच्यावर फणसाची पानं पडतात तेवढंच तिचं पांघरूण. हे कापड टीव्हीवरचं. कुठल्यातरी चकचकीत शोरूममध्ये पंचविशीतला एक यूट्यूबर डोळ्यांवर हात धरून उभा असतो. कापडाचं एक टोक त्याच्या आईच्या हातात दिलेलं असतं. एक-दोन-तीन होतं आणि खालून काहीतरी चपटं, झळझळीत, कोट्यवधींचं निघतं. मुलगा रडतो, आई रडते, शोरूमवाला केकची सुरी पुढे करतो. आणि इकडे देवगड तालुक्यातल्या आमच्या पडवीत बारावीतला पुतण्या माझा गुडघा दाबून ओरडतो, "काका, बघा, व्ही टेन!" म्हणजे दहा सिलिंडरचं इंजिन.

हे रोजचं आहे. माणूस बदलतो, गाडीचा रंग बदलतो, रडणं तेच. आणि कार्यक्रम संपल्यावर मला मत द्यावं लागतं. "काय वाटतं काका, बरोबर केलान काय तेणा?" मी आंबा बागायतदार माणूस. मोहोरावरच्या तुडतुडे किडीवर मत विचारा, रात्रभर देईन. पण कुणी दुबईत कितवी गाडी घेतली यावर मी रोज नवीन मत आणू कुठून? सुरुवातीला मी "पैशांची नासाडी" म्हणायचो. मग पुतण्या हिशेब मांडायचा आणि मी गप्प व्हायचो. आता मी आधीच गप्प असतो, तर तो म्हणतो, "काका जळतंत."

जळत नाही, पण एकदा कागद घेऊन बसलो होतो हे कबूल करतो. त्याच्या लाडक्या लॅम्बोर्गिनी हुराकानची किंमत आपल्याकडे तेव्हा तीन कोटींच्या वर होती. परदेशातून तयार येणाऱ्या असल्या गाड्यांवर आपल्याकडे वर्षानुवर्षं जवळजवळ गाडीच्या किमतीएवढाच कर बसत आलाय, तो धरून. आमची हापूसची पेटी पाच डझनाची. भाव तीन हजार धरला. (कागदावर मी नेहमी चांगलाच धरतो.) तीन कोटींना झाल्या दहा हजार पेट्या, म्हणजे सहा लाख आंबे. तेही मोहोर करपला नाही, माकडं आली नाहीत, दलालानं तोंड वाकडं केलं नाही तर. सहा लाख आंबे आणि बसायला माणसं दोन.

या दोन माणसांवरूनच आईचं आणि त्या गाड्यांचं बिनसलं. आई ब्याऐंशीची. आरामखुर्चीत अडकित्ता घेऊन बसते आणि सगळं बघते.

"रे, हेका पाठी शीट खय हा?"

"आजये, दोनच शीटी असतत."

"मगे पोरां झाली की?"

पुतण्याकडे याला उत्तर नव्हतं. त्यानं विषय बदलायला म्हणून सांगितलं की इंजिन मागे असतं आणि डिकी पुढे. आईनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "उलटो जल्माक इलेलो मेलो. पण फुडे सुकट ठेवक बरी."

आईचं दुसरं मत मिस्टर बीस्टबद्दल आहे. या अमेरिकन माणसाचे प्रेक्षक कोट्यवधी, आणि त्यानं एका व्हिडिओत अख्खी लॅम्बोर्गिनी भल्यामोठ्या यंत्रात घालून तिचे तुकडे केले. पडवीत सगळे श्वास रोखून बघत होते. यंत्रात गाडीचा मागचा भाग गेला तशी आईनं हळूच विचारलं, "तेच्या आवशीक म्हायत हा?" तेव्हापासून तो दिसला की ती त्याला "किसणेवालो" म्हणते.

शेजारचे तात्या कधीमधी येऊन बसतात. तात्यांचा ट्रॉलर आहे, त्यामुळे कर्ज काढून महागडी वस्तू घेणाऱ्याकडे ते आपुलकीनं बघतात. पुतण्यानं त्यांना धंदा समजावून सांगितला. व्हिडिओवर ज्या जाहिराती येतात त्यांच्या पैशातले पंचावन्न टक्के व्हिडिओवाल्याला, बाकी यूट्यूबला. गाडी घेतली की घेतल्याचा व्हिडिओ, मग आईला फिरवल्याचा, मग जुन्या शाळेत नेल्याचा, मग घासली गेल्याचा, मग विकल्याचा. तात्या एकदम खूश झाले. "म्हणजे ही गाडी नाय रे. ही होडी! मासो भायर हा." मग थोडा वेळ विचार करून म्हणाले, "आमका जून-जुलय बंदी. हेंका बंदी नाय?" ती मात्र असायला हवी असं माझंही मत झालं. निदान दहावी-बारावीच्या परीक्षेच्या हंगामात.

तात्यांना मीही एक गोष्ट सांगितली, कारण तेवढी एक मला येत होती. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी मूळचा ट्रॅक्टरवाला. ट्रॅक्टरचा कारखाना १९४८ चा, मोटारींचा १९६३ चा. तात्या म्हणाले, "मगे एवढो रडतासा कित्याक? मळ्यात घालून बघा." यावर पुतण्या दोन दिवस तात्यांशी बोलला नाही. पण २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांची फेरारी वाळूत रुतली आणि ती बैलगाडीनं ओढून काढली, तो व्हिडिओ तात्यांनीच त्याला पाठवला, रात्री अकरा वाजता, खाली मजकूर घालून: "बैलांक सबस्क्रायबर किती?" फेरारीच्या बिल्ल्यावर उसळणारा घोडा असतो. त्या घोड्यापुढे दोन बैल खाली मान घालून निवांत चालले होते, शेणखत पोचवून परत येताना चालतात तसे.

सगळेच काही वाईट नाहीत, हे सांगायला हवं. ताव्हारिश नावानं व्हिडिओ करणारा एक गृहस्थ आहे. मॅक्लारेन पी१ ही गाडी कंपनीनं ३७५ च बनवली. त्यातली एक २०२२ च्या इयन वादळात फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडाली. ती यानं बुडालेलीच विकत घेतली आणि एकेक वायर, एकेक जोड सोडवत बसला. हा माणूस मला आवडतो. खारं पाणी लोखंडाला काय करतं हे इथे कुणाला सांगायला नको. आमच्या बेड्याची, म्हणजे फाटकाची, कडी दर दोन वर्षांनी बदलते. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पूर आला तेव्हा माझ्या मेव्हण्याची गाडी छपरापर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर त्यानं दार उघडलं तर सीटवर चिखल आणि चिखलात बेडूक. त्यानं कॅमेरा काढला नाही, बेडूक काढला. नंतर मिस्त्रीनं हात टेकले आणि गाडी भंगारात गेली. ताव्हारिशचा व्हिडिओ बघताना मेव्हणा गप्प असतो आणि मधेच म्हणतो, "ह्या जोडाला आमच्याकडे माणूसच मिळाला नाही."

असो. मूळ दुखणं वेगळंच आहे. पुतण्यानं स्वतःचा चॅनल काढला. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात लोकांनी बघितलेले चार हजार तास लागतात, असं त्यानं मला जेवताना सांगितलं, आणि आमटी वाढून घेता घेता अल्टोची किल्ली मागितली. पहिला व्हिडिओ "शून्य ते शंभर". हुराकान तीन सेकंदांच्या आसपास शंभरला पोचते. आमच्या रस्त्यावर मी गाडी दामटली, पुतण्या मागच्या सीटवरून शूटिंग करत होता (आम्हाला मागची सीट आहे), काटा साठच्या जवळ गेला आणि वळणावर म्हैस आली. व्हिडिओचं नाव बदलून "शून्य ते म्हैस" ठेवलं. त्रेचाळीस वेळा बघितला गेला. त्यातले वीस वेळा आईनंच, कारण म्हैस तिच्या ओळखीची होती.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीत खरीखुरी गाडी आली.

दुपारचे तीन. मी गंजी आणि चौकटीच्या लुंगीवर खळ्यात, म्हणजे अंगणात, माडाची झावळं सोरत होतो. पाणंदीतून आधी आवाज आला, दगडी गडगा ढासळताना येतो तसा, पण थांबेना. मग गडग्यावरून फक्त एक पिवळं छप्पर सरकताना दिसलं. मोबाइलवरच्या नकाशानं किनाऱ्याचा जवळचा रस्ता म्हणून त्याला आमच्या पाणंदीत घातलं होतं. पाणंदीत बेड्यासमोर नळाचा पाइप आडवा गेलाय, त्यावर मातीचा उंचवटा आहे. अल्टो त्यावरून उडी मारून जाते. असल्या गाडीचं पोट जमिनीपासून पाचेक इंचांवर. आमच्या खळ्याची पायरी सात इंचांची. त्या गाडीनं बटण दाबून नाक इंच-दीड इंच वर केलं, उंचवट्याकडे बघितलं आणि खाली केलं. वयात आलेल्या बैलानं चिखल हुंगून मागे सरावं तसं.

आत चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, शेजारी कॅमेरा धरून दुसरा. मुलगा फार अदबीचा. उतरला आणि वाकून नमस्कार केला. "काका, काही फळ्या वगैरे मिळतील का?"

आता पुतण्याची अवस्था बघण्यासारखी होती. तो गाडीला हात न लावता तिच्याभोवती सोवळ्यातल्यासारखा फिरत होता. त्यानंच माळ्यावर धाव घेतली आणि फणसाची फळी ओढून आणली. ही फळी वडिलांनी देव्हाऱ्यासाठी राखून ठेवलेली. सात फूट, सलग, कुठे गाठ नाही. मी "ती नको" म्हणायच्या आत ती उंचवट्याला टेकलीसुद्धा. दुसऱ्या चाकाखाली तात्यांच्या होडीची जुनी फळी घातली. मी एका बाजूनं "येऊ दे, येऊ दे, दाब" करत होतो, तात्या दुसऱ्या बाजूनं "रव, रव, रव". गाडी वर चढली, पलीकडे उतरली. पाणंदीत जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगा खाली उतरला, कॅमेऱ्यात डोकावला आणि म्हणाला, "काका, जरा उजेड चुकला. एकदा परत घेऊ या?"

गाडी मागे घेतली. फळ्या परत लावल्या. पुन्हा "येऊ दे", पुन्हा "रव". पोरांना पुन्हा टाळ्या वाजवायला सांगितल्या, तर या वेळी त्यांना हसू येत होतं. मग ड्रोन काढला. आईनं वर बघून, वाळत घातलेली आमसुलं आत घ्यायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला गाडी बरोबर मध्यावर असताना फळी बोलली. मोठ्यानं नाही, पापड मोडल्यासारखी. गाडी सुखरूप उतरली. मुलानं माझ्या हातात चॅनलचा एक स्टिकर ठेवला, "काका, सबस्क्राइब नक्की करा" म्हणाला आणि गेला. धूळ बसल्यावर आई खळ्यात आली, फळीच्या चिरेवरून बोट फिरवलं आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "देव खय बसतलो आता?"

आठवड्यानं व्हिडिओ आला. नाव होतं "गावकऱ्यांनी वाचवली माझी सुपरकार". आम्ही अकरा सेकंद आहोत. तात्यांचा फक्त हात आहे, त्यामुळे ते नाराज आहेत. मी मात्र पूर्ण आहे, गंजीसकट. गंजीला काखेत भोक आहे हे मला त्या दिवशी कळलं, बाकी आठ लाख लोकांबरोबर. एकानं खाली लिहिलं होतं, "गाडी सोडा, काकांचा आत्मविश्वास बघा." देवगडच्या बाजारात कोळणीनं बांगडे मोजता मोजता वर बघितलं आणि म्हणाली, "तुमी 'येऊ दे'वाले मां?" बांगडा एक जास्त घातलान.

पुतण्या म्हणतो तो मुलगा शिमग्याला परत येणार आहे, नवीन गाडी घेऊन. ही म्हणे आणखी खाली आहे. मी सुताराकडून अकेशियाच्या दोन फळ्या करून आणल्या, चांगल्या दोन-दोन इंच जाडीच्या, आणि बेड्याला टेकवून ठेवल्यात. एक पांढरा शर्ट इस्त्री करून पडवीतल्या खुंटीला आहे. बायकोनं तो परवा धुवायला घेतला होता, मी काढून घेतला.