उद्वाहन बंद आहे

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर आतेभावाने एक फोटो टाकला. सांगलीकडच्या कुठल्यातरी सरकारी हापिसातली पाटी, "उद्वाहन बंद आहे". खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग नेहमीचं सुरू झालं, असली बोजड मराठी कोण बोलतं, लिफ्ट म्हणायला काय जातं ह्यांचं, त्यात काका शिरले की २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला ना, घ्या आता डोक्यावर. मी इकडे जर्मनीत, स्टुटगार्टात ट्राममध्ये लोंबकळत हे वाचत होते आणि माझ्या पर्समध्ये एक वोनुंग्सगेबरबश्टेटिगुंग होतं.

घाबरू नका, साधा कागद आहे. नवीन घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत महापालिकेत जाऊन नाव नोंदवायचं असतं, तेव्हा घरमालकाची सही लागते तो हा कागद. शब्दशः, घर-देणाऱ्याचा-दाखला. रोमनमध्ये २४ अक्षरं, आणि काउंटरवरची बाई ते एका दमात बोलते, बोलताना हसत वगैरे अजिबात नाही. ह्यांच्या मेक्लेनबुर्ग-फोरपॉमर्न राज्यात १९९९ साली एक कायदा झाला होता, गोमांसाच्या लेबलांवर देखरेख ठेवायचं काम कुणाकडे सोपवायचं ह्याचा, त्याचं नाव ६३ अक्षरांचं. २०१३ ला रद्द झाला बिचारा.

जर्मन लोकही कुरकुरतात, नाही असं नाही. बोजडला त्यांचा शब्द आहे श्पेरिग. गंमत म्हणजे हाच शब्द सोफ्यालाही लागतो. जिन्यातून उतरता उतरत नाही असं जुनं सामान म्हणजे श्पेरम्युल, त्याची तारीख ठरवून फुटपाथवर काढून ठेवायचं आणि महापालिका उचलून नेते (खरं तर त्याच्या आधी रात्रीतच कोणीतरी चांगलं चांगलं पळवतं, माझं पहिलं स्टडी टेबल तसंच आलंय). आणि ऑफिसात एखादा रिपोर्ट वाचवत नसेल तर तोही श्पेरिगच. आपलंही तेच की. बोजड म्हटलं की मला आधी सातबाऱ्यावरचा बोजाच आठवतो.

पण सात वर्षं इथे काढल्यावर मला वाटायला लागलंय की आपण बोजड हे विशेषण चुकीच्या ठिकाणी चिकटवतो. लांबी हा मुद्दाच नाही. हॉस्पिटलला इथे क्रांकेनहाउस म्हणतात, आजारी-घर. फ्रिज म्हणजे क्यूलश्रांक, थंड करायचं कपाट. कासव म्हणजे ढाल-बेडूक, आणि ग्लव्ह म्हणजे हँडशू, हाताचा बूट. पाच वर्षांच्या पोरालाही फोड करता येते कारण तुकडे घरातलेच आहेत. आणि आपण हसण्याआधी, हातमोजे काय आहे मग? सेम टू सेम. त्याला कोणी बोजड म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आपल्याकडे सरकारने नाही, लोकांनी केलेले शब्द बघा ना, आगगाडी, आगबोट, आगपेटी, फटफटी, हातपंपाचा हापसा. एकेक शब्द कसा पहिल्या झटक्यात कळतो. हे शब्द करणाऱ्याच्या समोर ती वस्तू होती, कोश नव्हता. उलट परवाना असा चांगला रुळलेला शब्द घरात असताना अनुज्ञप्ती आणली, तिचे तुकडे कुणाच्या घरात आहेत? १९६२ चा पदनाम कोश, म्हणजे सरकारी हुद्द्यांच्या मराठी नावांचा कोश, आला तेव्हा अत्र्यांनी त्याला बदनाम कोश म्हटलं होतं, म्हणजे हे भांडण माझ्या आईच्या जन्माच्याही आधीचं आहे.

तरी आतेभावाच्या बाजूनेही मी पूर्ण नाही हं. दिनांक, क्रमांक, महापौर हे सावरकरांचे शब्द, तेही संस्कृतच, तेही कधीतरी नवेच होते, आज तारखेच्या जागी दिनांक लिहिताना कोणाचा हात अडतो का? रोज फॉर्मवर लिहून लिहून झिजले आणि हलके झाले. म्हणजे वापरून काही शब्द सुटतात, पण सगळेच सुटतील ह्या आशेवर अख्खा कोश लोकांच्या माथी मारायचा हे मला पटत नाही. इथेही सतराव्या शतकात फिलिप फोन त्सेझेन नावाच्या माणसाने पत्त्यासाठी आनश्रिफ्ट शब्द काढला तो आज प्रत्येक फॉर्मवर आहे, आणि खिडकीला टागेलॉइश्टर म्हणजे दिवसाचा दिवा म्हणा म्हणाला तर लोकांनी साफ दुर्लक्ष केलं. आणि मोबाईलला हे सगळे काय म्हणतात तर हँडी! इंग्रजी वाटणारा शब्द, जो इंग्रजांना ह्या अर्थाने माहीतच नाही.

मी एवढं सगळं ग्रुपवर टाइप केलं, अर्थातच कोणी वाचलं नाही, एकाने नमस्काराचे हात टाकले. मग मी नुसतं विचारलं, बरं लिफ्टला आपला शब्द सुचवा. अर्धा तास शांतता. आणि मग आईचा मेसेज, जी एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवते.

"पाळणा म्हणा की. बसायचं आणि वर जायचं."

आतेभावाने पाच मिनिटांत फोटोवर एडिट करून पाटी परत टाकली, "पाळणा बंद आहे, जिन्याने या". ह्यावेळी हसायचे चेहरे आले नाहीत, काकांनी फक्त विचारलं, कधी चालू होणार?