‘संस्कार पक्के असतील तर संगत बिघडवत नाही’: या संदेशातलं काय चुकतं

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: ‘संस्कार पक्के असतील तर मूल मित्रांच्या दबावाला बळी पडत नाही. त्याला ठामपणे नाही म्हणायला शिकवा. वाईट मित्र तोडा. व्यसनाचे परिणाम दाखवून धाक बसवा.’ संदेश काळजीपोटी पाठवला जातो, हे मान्य. पण तो तसाच अमलात आणला, तर मूल अडचणीच्या वेळीच एकटं पडतं.

‘संस्कार पक्के असतील तर…’

१९५०च्या दशकात सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना एक सोपा प्रश्न विचारला: समोरच्या तीन रेषांपैकी कोणती रेष नमुन्याएवढी लांब आहे? गटातले बाकीचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर देत होते. ज्याला हे ठाऊक नव्हतं, त्या मुलाने अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकीच्या गटासारखी दिली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी आग्रहही केला नव्हता.

२००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेमवर हेच वेगळ्या तऱ्हेने तपासलं. मित्र शेजारी असले की १३ ते १६ वयाची मुलं जास्त धोका पत्करत होती. २४ वर्षांपुढच्यांवर सोबत्यांचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे घरी ‘मी असलं काही करणार नाही’ म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. तो टपरीवरच्या घोळक्यात उभा राहतो तेव्हा परिस्थितीच वेगळी असते.

‘संस्कार पक्के असतील तर…’ या वाक्याने आणखी एक नुकसान होतं, आणि आम्हाला तेच सर्वांत गंभीर वाटतं. एकदा पाय घसरलेल्या मुलाने घरी सांगायचं, तर आधी ‘माझे संस्कार कच्चे’ हे कबूल करावं लागतं. म्हणून ते गप्प बसतं.

‘ठामपणे नाही म्हणायला शिकवा’

हे अर्धंच बरोबर आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘डेअर’ कार्यक्रमात पोलीस वर्गात येऊन ड्रग्जला नकार द्यायला शिकवत. तो देशभर पसरला, पण पुढच्या अनेक तपासण्यांत मुलांच्या व्यसनावर त्याचा फारसा परिणाम आढळला नाही. एक कारण उघड आहे: पुष्कळदा कुणी काही विचारतच नाही. मावा हातोहात फिरतो, तुमच्यापाशी येतो आणि सगळे बघत राहतात. ‘नाही’ म्हणायला समोर प्रश्नच नसतो.

म्हणून सराव प्रसंगाचा करावा. दहा मिनिटं पुरतात. आई किंवा बाबांनी मित्र व्हायचं आणि तीनदा आग्रह करायचा. मुलाने एकच छोटं वाक्य म्हणायचं: ‘नको, मी खात नाही.’ दुसऱ्या वेळीही तेच वाक्य, नवं कारण नाही. कारण दिलं की त्यावर तोड निघते: ‘दात दुखतोय’ म्हटलं की ‘दुसऱ्या बाजूने चाव’. तिसऱ्या आग्रहाला पाय उचलायचे: ‘चल, निघतो, क्लास आहे.’ मुलं हमखास दोन चुका करतात. एक म्हणजे लांबलचक सफाई देणं. दुसरी, ‘तुम्हीही खाऊ नका’ असा उपदेश करणं. त्याने नकाराचं भांडण होतं.

नकारापेक्षाही जास्त कामी येतो एक सोबती. अॅशच्या प्रयोगात खरं उत्तर देणारा आणखी एकच माणूस गटात बसवला, तर चुकीला होकार सुमारे वीसातल्या एका उत्तरापर्यंत खाली आला. सहलीला किंवा वाढदिवसाच्या पार्टीला जाण्याआधी एका मित्राशी ठरवून ठेवावं: ‘मी उठलो की तूही उठ.’

‘सगळेच करतात’ यालाही आकड्याने उत्तर द्यावं. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांत तंबाखू वापरणारे ८.५ टक्के निघाले. म्हणजे बारातला साधारण एक.

‘वाईट मित्र तोडा’

तोडलेली मैत्री संपत नाही, ती लपून चालते आणि तुमच्या नजरेआड जाते. मित्राला घरी बोलवा. जागा आणि वेळ मात्र तुम्ही ठरवा. अपवाद एकच: मारहाण, पैसे उकळणं, फोटोवरून धमकी. तो मित्रांचा दबाव नव्हे, गुन्हा आहे. तिथे शाळेला आणि पोलिसांना कळवा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

‘धाक बसवा’

कर्करोगाचं चित्र वीस वर्षांनंतरचं असतं, मित्रांचं हसणं आत्ताचं. तुलनेत चित्र हरतं. त्याऐवजी मुलाला निमित्त द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या बदलानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. मित्राने ट्रिपल सीटसाठी चावी मागितली, तर ‘नको रे, बाबांवर केस होईल’ हे वाक्य मुलाची लाज राखतं.

तसंच सुटकेचं. एक शब्द आधी ठरवा, उदाहरणार्थ ‘चार्जर’. मुलाने मेसेजमध्ये तो लिहिला की लगेच फोन करा आणि ‘आत्ताच्या आत्ता घरी ये’ असं रागाने म्हणा. मित्रांसमोर त्याने खुशाल कुरकुर करावी. तुम्ही न्यायला जा. इथे बहुतेक पालक चुकतात: गाडीत बसल्या बसल्या उलटतपासणी सुरू होते आणि पुढच्या वेळी तो मेसेज येतच नाही. त्या रात्री काही विचारू नका. बोलणं सकाळी, चहा झाल्यावर, आणि पहिलं वाक्य असावं: ‘मेसेज केलास ते बरं केलंस.’