स्वच्छ हवा पुन्हा येऊ नये म्हणून

पुणेकरहो, २०२० चा मार्च आठवतोय ना? २५ तारखेला देश बंद झाला आणि चार-आठ दिवसांत शहरावर मोठी आफत कोसळली. विषाणूचं म्हणत नाही. हवा स्वच्छ झाली! नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे थेट सायलेन्सरमधून निघणारा माल, धाडकन खाली आला. २०२१ च्या एप्रिलात पुन्हा निर्बंध लागले, पण तोवर आपण सावध झालो होतो. कारखाने आणि बांधकामं बऱ्यापैकी चालूच ठेवली. तरी गाफील राहू नये.

पहिलं पथ्य, कारण कळलं असलं तरी कळल्याचं दाखवू नये. गाड्या थांबल्या आणि हवा सुधारली, हे शेंबड्या पोरालाही समजतं. म्हणूनच चारचौघांत बोट हवामानाकडे दाखवावं. ‘अहो, उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर उठते, धूर पांगतो. लॉकडाऊनचं काय कौतुक?’ यात तथ्य आहे, म्हणून तर ते खपतं. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत दबा धरून बसते, धुराला वर जाऊ देत नाही. तेव्हा दोष थंडीचा. मधले चार महिने पाऊस धुऊन नेतो. झालं वर्ष, गाडीचं नाव निघालं का कुठे?

समोरचा फारच शिकलेला निघाला तर ओझोन काढावा. धुरातला नायट्रिक ऑक्साइड जमिनीलगतचा ओझोन खातो. लॉकडाऊनमध्ये धूर घटला आणि कित्येक शहरांत ओझोन उलट वाढला. म्हणजे सिग्नलला इंजिन चालू ठेवून आपण समाजसेवाच करत असतो. (तो ‘पण पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात शिरणारे बारीक कण...’ म्हणू लागला, की हिरवा दिवा लागल्याचं सांगून निघावं.)

रिकाम्या रस्त्यांचं काय करायचं, तेही आपण दाखवून दिलंय. जुलै २०२० मध्ये दहा दिवस पुन्हा कडकडीत बंद होता, त्याच सुमारास विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडायला घेतला. जागी दुमजली पूल. गाड्यांना एक मजला, मेट्रोला एक. धुळीला मजला ठरवून दिला नाही, ती औंधपर्यंत घरोघरी जाऊन आली.

आकड्यांची धास्ती नको. हवा मोजणारी ‘सफर’ यंत्रणा पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची, म्हणजे घरचीच. पीएम २.५ ची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची ५ केली, पण त्यांना कुठे कात्रज-स्वारगेट करायचंय?

पीयूसी मात्र वेळेवर काढावी. पंपाजवळच्या व्हॅनपाशी गाडी लावायची, नंबर प्लेटचा फोटो निघतो, नळी सायलेन्सरला टेकते न टेकते तोच कागद हातात.

आणि सकाळी सोसायटीची झाडलोट झाली की पालापाचोळा कोपऱ्यात तिथल्या तिथे पेटवून द्यावा. त्याला दंड आहे, पण तो शेजारच्या सोसायटीसाठी.