पंधरा फूट पाणी, गुडघाभर गाळ

मेव्हण्याने ऑनलाइन एक सोनारचा बॉल मागवला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की आपला रविवार गेला. लिंबाएवढा बॉल, पाण्यात टाकायचा, तो खाली आवाज सोडतो, आवाज पाण्यात सेकंदाला दीडेक हजार मीटर पळतो म्हणे, तळाला आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळेवरून मोबाईलवर खोली दिसते. वर अ‍ॅपमध्ये अख्ख्या उजनीचा डेप्थ मॅप, निळ्याच्या चाळीस छटा. "दाजी, आता मासा कुठे बसलाय ते बघूनच गळ टाकायचा!" गेल्या तीन वर्षांत आम्ही दोघांनी मिळून दोन चिलापी पकडल्यात, त्यातली एक मांजराने नेली, त्यामुळे मी पण हो म्हणालो.

भिगवणच्या बाजूला एका मामांची होडी ठरवली. साठीपार माणूस, हातात लांब बांबू. मॅप दाखवला तर एवढंच म्हणाले, "पाणी कुठलं धरलंय ह्यात?"

प्रश्न बरोबर होता हो, आम्हालाच कळला नाही. मॅप बनवला होता धरण फुल असताना, म्हणजे ४९६.८३ मीटरला, आणि आम्ही गेलो एप्रिलच्या शेवटी, पाणी चार मीटर उतरलेलं. उजनीचं सगळं वापरायचं पाणी जेमतेम सहा मीटरच्या उंचीत मावतं, आडवं पसरलेलं धरण आहे ते, चार मीटर उतरलं की काठ पार दूर जातो. (त्या सहा मीटरच्याही खाली गेलं की पेपरात "उजनी मायनसमध्ये" असं येतं, धरणाला ओव्हरड्राफ्ट असलेलं मी फक्त इथेच बघितलंय.) मेव्हण्याने सेटिंगमध्ये जाऊन ऐटीत ४ टाकले.

मग त्याला मॅपवर एक सरळ उंचवटा सापडला, दोन्ही बाजूंना खोल. "ही रिज आहे दाजी, मासे हिच्याच कडेला बसतात. अकरा फूट पाणी आहे, बिनधास्त चला." मामा म्हणाले तिकडं नको, पाणी न्हाय. मेव्हण्याने मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. उन्हात त्या स्क्रीनवर मामांना फक्त स्वतःची टोपी दिसली असणार, पण पैसे आमचे होते म्हणून त्यांनी होडी वळवली.

पाच मिनिटांत खर्रर्र असा आवाज आला आणि आम्ही थांबलो.

अ‍ॅप म्हणतंय अकरा फूट. मी हात घातला तर कोपर बुडायच्या आत बोटाला गाळ. आणि तो लिंबाएवढा बॉल? तो आम्ही होडीच्या मागे दोरीने बांधलेला, त्यामुळे पुढे काय आहे ते त्याला कळणार कसं, होडी अडकल्यावर तो सावकाश तरंगत आला, होडीला टेकला आणि मग टुं टुं करून त्याने सांगितलं, शॅलो वॉटर. सोबत माशांची बारा चित्रं दाखवली. ते शेवाळ होतं.

अर्धा तास उन्हात बसल्यावर लक्षात आलं की चार मीटर खाली उतरलेलं पाणी आम्ही चार फूट म्हणून भरलं होतं. चार मीटर म्हणजे तेरा फूट. मॅपवरच्या पंधरातून तेरा गेले, राहिले दोन, त्यातही वरचा हातभर नवा गाळ मॅपला माहीतच नाही. मेव्हणा म्हणे युनिट ठळक लिहायला पाहिजे होतं त्यांनी.

"मामा, पण ही रिज एवढी सरळ कशी?"

मामांनी बांबू खाली ठोकला, टक्क आवाज आला. "सडक हाय सायेब ही. धरण व्हायच्या आधी हितनं एस्टी जायची. मी शाळेला जायचो हिच्यावरनं."

मेव्हण्याने त्या रिजला अ‍ॅपमध्ये 'बेस्ट स्पॉट' म्हणून पिन मारली होती, ती त्याने हळूच काढली.

"इथे स्टॉप होता का?" मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"विनंती थांबा व्हता. पर गाडी जुनी, निम्म्या येळा हितंच बंद पडायची." मामा पँट दुमडून बसलेल्या आमच्याकडे बघून म्हणाले, "उतरा आता दोघं. धक्का मारा."